टुपाक शकूर आणि मृताची वाणी

मनुष्य गेला म्हणजे त्याचा शब्द तेथेंच थांबतो, अशी आपली साधी समजूत असते. तो जें बोलून गेला तेवढेंच त्याचें. त्यांत कोणी भर घालूं शकत नाहीं, कीं त्यांतून कोणी कांहीं उणें करूं शकत नाहीं. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र ही समजूत फार दिवस बाळगतां येत नाहीं. जुनीं बाडें चाळतांना त्याला पदोपदीं असें आढळून येतें, कीं कवि निवर्तल्यावरहि त्याची कविता वाढतच असते. कांहीं शिष्य वाढवितात, कांहीं नकलकार, कांहीं आप्त, आणि कांहीं निव्वळ बाजार. मूळ कोणतें आणि प्रक्षिप्त कोणतें, हें निवडण्यांत आमच्या पेशाचा अर्धा जन्म जातो. हा खटाटोप जुन्या काळापुरताच आहे, आणि ज्या काळांत प्रत्येक शब्द यंत्रावर उतरवून ठेवतां येतो त्या काळांत त्याचें कारणच उरणार नाहीं, असें आम्हांला कित्येक वर्षें वाटत होतें. टुपाक शकूर नांवाच्या एका तरुण अमेरिकन रॅपरची हकीकत अभ्यासल्यावर हा आमचा भ्रम पार नाहींसा झाला.

ह्या माणसाकडे आम्ही आपण होऊन वळलों नाहीं, हें प्रथमच कबूल करतों. रॅप म्हणजे ठेक्यावर केलेली शिवीगाळ, एवढेंच आमचें त्याविषयीं मत होतें; आणि तें मत एकहि गाणें लक्ष देऊन न ऐकतां बनलेलें होतें. इ. स. २०२४ मध्यें ऐतिहासिक साधनांची चिकित्सा हा विषय वर्गांत शिकवीत असतां एका विद्यार्थ्यानें उभें राहून विचारलें, “सर, मेलेल्या माणसाच्या आवाजांत त्यानें कधींच न म्हटलेलें गाणें निघालें, तर तें साधन कोणाचें धरावयाचें?” वर्ग हंसला. आम्हीहि हंसलों, पण उत्तर मात्र देतां आलें नाहीं. त्या प्रश्नाचा माग काढीत गेलों तों टुपाकपाशीं येऊन पोहोंचलों. त्याचा जन्म इ. स. १९७१ चा, म्हणजे आज असता तर जवळजवळ आमच्याच वयाचा असता. पंचविसाव्या वर्षीं तो मारला गेला. हयातींत त्याच्या एकट्याच्या नांवावर चार अल्बम निघाले; मृत्यूनंतरच्या दहा वर्षांत, पूर्वीं बाहेर न आलेल्या गाण्यांचे, आणखी सहा निघाले. चार आणि सहा, ह्या दोन आंकड्यांतच आमच्या लेखाचा विषय आला.

ज्यांना ह्या कलेचा परिचय नाहीं त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागांत, सेजविक अ‍ॅव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतींत, ११ ऑगस्ट १९७३ रोजीं कूल हर्क नांवाच्या तरुणानें आपल्या बहिणीच्या मेजवानीसाठीं तबकड्या लावल्या. त्या रात्रीपासून ह्या कलेचा जन्म मोजण्याची प्रथा पडली आहे. गाण्यांतला ठेक्याचा भाग तेवढा दोन तबकड्यांवर आळीपाळीनें फिरवून लांबवीत न्यावयाचा, आणि त्या ठेक्यावर यमकें जुळवीत बोलावयाचें, हें तिचें मूळ स्वरूप. वाद्यें विकत घेण्याची ऐपत नसलेल्या वस्तीनें दुसऱ्यांच्या तबकड्यांतून स्वतःचें संगीत उभें केलें. आतां तर मुंबईच्या वस्त्यांतील मुलेंहि ह्याच रीतीनें आपापल्या बोलींत बोलूं लागलीं आहेत.

ह्या कलेचा एक अलिखित नियम येथें लक्षांत ठेवण्याजोगा आहे. ठेका उसना चालतो. शब्द उसना चालत नाहीं. गायक दुसऱ्याचें पद गातो, आणि त्यांत त्याला कोणी कमी लेखीत नाहीं. रॅपरनें मात्र दुसऱ्यानें लिहून दिलेले शब्द आपले म्हणून म्हटले, तर त्याच्या बरोबरीचे लोक त्याची अप्रतिष्ठा झाली असें मानतात. ‘मी हें पाहिलें, मी हें भोगलें, म्हणून मी हें बोलतों,’ ही ह्या काव्यामागची प्रतिज्ञा आहे. न्यायालयांतील साक्षीदाराची प्रतिज्ञा याहून फार निराळी नसते.

न्यायालयाचा उल्लेख आम्ही अकारण केलेला नाहीं. टुपाकच्या चरित्राचा आरंभच मुळीं न्यायालयांत होतो. त्याच्या आईचें मूळ नांव अ‍ॅलिस फे विल्यम्स. इ. स. १९४७ मध्यें नॉर्थ कॅरोलायना संस्थानांतील लंबर्टन येथें ती जन्मली, आणि लहानपणींच न्यूयॉर्कला आली. इ. स. १९६६ मध्यें ओकलंड येथें ह्यूई न्यूटन व बॉबी सील ह्या दोघांनीं ब्लॅक पँथर पक्ष काढला होता. मुंबईंत इ. स. १९७२ मध्यें उभ्या राहिलेल्या दलित पँथरनें आपलें नांव ह्याच पक्षावरून घेतलें, हें आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. अ‍ॅलिस ह्या पक्षाच्या न्यूयॉर्कमधील शाखेंत शिरली आणि अफेनी शकूर झाली. एप्रिल १९६९ मध्यें त्या शाखेंतील एकवीस जणांवर बॉम्बस्फोटांचा कट रचल्याचा आरोप ठेवण्यांत आला. त्यांत ती होती. कायद्याचें कसलेंहि शिक्षण नसतां तिनें वकील नाकारला आणि आपला बचाव आपण केला. त्या वेळीं ती गरोदर होती. जामीन रद्द झाल्यामुळें खटल्याचे अखेरचे महिने तिला कोठडींत काढावे लागले. पक्षांत शिरून हेरगिरी करणाऱ्या पोलिसाची उलटतपासणी तिनें स्वतः घेतली. मे १९७१ मध्यें ज्यूरीनें खटला चाललेल्या सर्व आरोपींना सर्व आरोपांतून मुक्त केलें. त्यानंतर महिनाभरानें, १६ जून १९७१ रोजीं, तिला मुलगा झाला. ज्या घरांत आई केवळ बोलून तुरुंगांतून सुटली, त्या घरांतील मुलाला शब्दाचें मोल निराळें शिकवावें लागलें नसेल.

त्या मुलाचें पहिलें नांव निराळेंच होतें. पुढील वर्षीं आईनें तें बदलून टुपाक अमारू ठेवलें. पेरू देशांत स्पॅनिश सत्तेविरुद्ध इ. स. १७८० मध्यें बंड उभारणारा आणि पुढील वर्षीं कुस्को येथें क्रूरपणें मारला गेलेला जो दुसरा टुपाक अमारू, त्याचें हें नांव. पाळण्यांतल्या मुलावर केवढा हा भार! आणि हा भार वाहावयाचा तो दारिद्र्यांत. न्यूयॉर्कमध्यें हें कुटुंब या घरून त्या घरीं हिंडत राहिलें. सावत्र बाप मुटुलू शकूर हा राजकीय चळवळींतला, इ. स. १९८१ च्या एका सशस्त्र दरोड्याच्या प्रकरणांत तो कांहीं वर्षें फरारी होता, इ. स. १९८६ मध्यें पकडला गेला, आणि त्यापुढें त्याचें बहुतेक आयुष्य तुरुंगांतच गेलें.

परंतु ह्याच मुलानें बाराव्या-तेराव्या वर्षीं हार्लेममधील एका नाटक मंडळीबरोबर सुप्रसिद्ध अपोलो नाट्यगृहांत लॉरेन हॅन्सबेरीच्या ‘अ रेझिन इन द सन’ ह्या नाटकांत मुलाची भूमिका केली. पुढें बाल्टिमोरला गेल्यावर तेथील कलाशाळेंत त्याला प्रवेश मिळाला, आणि तेथें तो शेक्सपिअरचीं नाटकें, काव्य, जाझ व बॅले हीं सर्व शिकला. ज्यांना तो केवळ रस्त्यावरचा गुंड वाटतो त्यांना हें ऐकून आश्चर्य वाटेल, आम्हांलाहि वाटलें. इ. स. १९८८ मध्यें शिक्षण अर्धवट टाकून हें कुटुंब कॅलिफोर्नियांतील मरीन सिटी येथें आलें. तोंपर्यंत आई कोकेनच्या व्यसनांत सांपडली होती. ज्या स्त्रीनें राज्यसत्तेच्या वकिलांस हार दिली ती स्वतःच्या घरांत हरली, हें पाहण्याचें दुर्दैव त्या सतरा वर्षांच्या मुलाच्या वांट्यास आलें. ह्या काळांत, इ. स. १९८९ ते १९९१ च्या दरम्यान, त्यानें आपल्या हस्ताक्षरांत ज्या कविता लिहिल्या त्या त्याच्या मृत्यूनंतर इ. स. १९९९ मध्यें ‘द रोझ दॅट ग्रू फ्रॉम काँक्रीट’ ह्या नांवानें पुस्तकरूपानें निघाल्या.

डिजिटल अंडरग्राउंड नांवाच्या मंडळींत सामान वाहणारा व नाचणारा म्हणून त्यानें धंद्यांत पाऊल टाकलें, आणि नोव्हेंबर १९९१ मध्यें ‘टुपॅकॅलिप्स नाउ’ हा त्याचा पहिला अल्बम निघाला. त्यांतील ‘ब्रेंडाज गॉट अ बेबी’ ह्या गाण्यांत बारा वर्षांच्या एका मुलीला दिवस जातात, तिचें घर तिला विचारीत नाहीं, आणि शेवटीं रस्ता तिला गिळून टाकतो, ही कथा त्यानें सांगितली आहे. ह्याच अल्बममध्यें पोलिसांविरुद्ध जळजळीत उद्गार आहेत. टेक्सासमध्यें एका पोलिसाचा खून झाला व खुनी तो अल्बम ऐकत होता असें पुढें आलें, तेव्हां खुद्द उपाध्यक्ष डॅन क्वेल ह्यांनीं इ. स. १९९२ मध्यें तो बाजारांतून परत घ्यावा अशी मागणी केली. एकाच संग्रहांत करुणा आणि हिंसा शेजारीं शेजारीं बसलेलीं आहेत, आणि पुढील पांच वर्षें तीं तशींच बसून राहिलीं.

येथें आम्हांला एक अप्रिय गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण मृतांचे भक्त ती नेमकी गाळतात. इ. स. १९९३ मध्यें ज्यानें ‘कीप या हेड अप’ ह्या गाण्यांत आपल्या वस्तींतील स्त्रियांना धीर दिला आणि पुरुषांना त्यांच्या वागणुकीबद्दल खडसावलें, त्याच माणसावर त्याच वर्षाच्या अखेरीस एका तरुणीवरील लैंगिक अत्याचाराचा आरोप ठेवण्यांत आला. ज्यूरीनें कांहीं आरोपांतून त्याला सोडलें, परंतु लैंगिक गैरवर्तनाच्या गंभीर गुन्ह्यांत दोषी ठरविलें. फेब्रुवारी १९९५ मध्यें त्याला दीड ते साडेचार वर्षांची शिक्षा झाली. निकालाच्या आदल्या दिवशीं, ३० नोव्हेंबर १९९४ रोजीं, न्यूयॉर्कमधील एका ध्वनिमुद्रणशाळेच्या दारांत त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. निकाल ऐकावयास तो चाकाच्या खुर्चींतून आला. त्यानें स्वतःला निर्दोष म्हटलें. आम्ही त्याचे न्यायाधीश नाहीं; पण त्याचें गाणें चांगलें म्हणून त्याचा गुन्हा लहान होत नाहीं, आणि त्याचा गुन्हा खरा म्हणून त्याचें गाणें खोटें होत नाहीं, एवढें आम्ही म्हणतों. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत, आणि त्या एकत्रच वाचल्या पाहिजेत.

तो तुरुंगांत असतांना, मार्च १९९५ मध्यें, ‘मी अगेन्स्ट द वर्ल्ड’ हा त्याचा तिसरा अल्बम निघाला व अमेरिकेंतील विक्रीच्या यादींत पहिल्या क्रमांकावर गेला. बंदिवानाच्या अल्बमनें तो क्रमांक मिळविण्याची ही पहिलीच वेळ. त्यांत ‘डिअर मामा’, म्हणजे ‘प्रिय आई’, हें गाणें आहे. आईचें व्यसन तो त्यांत लपवीत नाहीं. आणि तें सांगूनहि तो तिचे उपकार मानतो. तोंपर्यंत अफेनी व्यसनांतून बाहेर आली होती. आमचें पूर्वींचें मत बदललें तें ह्या गाण्यानें. आईची स्तुति करणारीं गाणीं जगांत उदंड आहेत. आईला क्षमा करणारीं, आणि तीहि तिच्या देखत, फार थोडीं. इ. स. २०१० मध्यें अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयानें, म्हणजे लायब्ररी ऑफ काँग्रेसनें, जतन करण्यायोग्य ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय नोंदींत ह्या गाण्याचा समावेश केला.

ऑक्टोबर १९९५ मध्यें डेथ रो नांवाच्या ध्वनिमुद्रण कंपनीनें चौदा लाख डॉलरांचा जामीन भरून अपिलाच्या निकालापर्यंत त्याला सोडवून आणलें. मोबदला म्हणून त्यानें कंपनीला तीन अल्बम देण्याचें पत्करलें. ह्या कराराचें ओझें डोक्यावर घेऊन तो जणूं वेळ संपत आल्यासारखा रात्रंदिवस ध्वनिमुद्रण करीत सुटला. फेब्रुवारी १९९६ मध्यें ‘ऑल आयझ ऑन मी’ हा दुहेरी अल्बम निघाला. शिवाय पुष्कळ गाणीं तशींच साठून राहिलीं. ७ सप्टेंबर १९९६ च्या रात्रीं लास व्हेगास येथें माइक टायसनचें मुष्टियुद्ध पाहून परतत असतांना चौकांत थांबलेल्या त्याच्या मोटारीवर शेजारच्या मोटारींतून गोळ्या झाडण्यांत आल्या, आणि १३ सप्टेंबर रोजीं तो रुग्णालयांत मरण पावला. ह्या खुनाच्या आरोपावरून पहिली अटक झाली ती सत्तावीस वर्षांनीं, सप्टेंबर २०२३ मध्यें. आरोपीनें गुन्हा नाकबूल केला. टुपाकनें मृत्युपत्र केलेलें नव्हतें. पंचविसाव्या वर्षीं कोण करतो?

येथून त्याचें दुसरें आयुष्य सुरू होतें. त्याच्या मृत्यूनंतर आठ आठवड्यांच्या आंत, ५ नोव्हेंबर १९९६ रोजीं, ‘द डॉन किल्युमिनाटी: द सेव्हन डे थिअरी’ हा अल्बम निघाला. हा सर्वस्वीं त्याचा स्वतःचा. ऑगस्टमध्यें सात दिवसांत तो पुरा झाला, म्हणून नांवांत सात दिवस. कर्ता म्हणून त्यानें ‘माकावेली’ हें नांव घेतलें होतें. इटलीच्या माकियावेल्लीचे ग्रंथ त्यानें तुरुंगांत वाचले होते. इतिहासाच्या अध्यापकाला येथें एक गोष्ट आठवल्यावांचून राहत नाहीं. माकियावेल्ली इ. स. १५२७ मध्यें वारला, आणि ज्या ‘प्रिन्स’ ग्रंथावर त्याची सारी कीर्ति उभी आहे तो छापून निघाला इ. स. १५३२ मध्यें. ज्याचें नांव ह्या तरुणानें घेतलें त्याचाहि मुख्य ग्रंथ मरणोत्तरच होता! भाविक चाहत्यांनीं मात्र ह्या नांवावरून टुपाक मेलाच नाहीं, कोठें तरी लपून बसला आहे, असा तर्क लढविला, आणि पुढें नवीं नवीं गाणीं निघत गेलीं तसतसा तो तर्क बळावत गेला.

उरलेलीं गाणीं कोणाचीं? कंपनी म्हणे आमचीं. आई म्हणे माझ्या मुलाचीं. अफेनीनें दुसऱ्यांदा न्यायालयाची पायरी चढली आणि अप्रकाशित गाण्यांवरचा हक्क मिळविला. पहिल्या वेळीं मूल पोटांत होतें, दुसऱ्या वेळीं तें मातींत गेलें होतें. मुलाच्याच नांवावरून तिनें ‘अमारू’ ही संस्था काढली आणि नोव्हेंबर १९९७ मध्यें त्याचीं तुरुंगापूर्वींचीं गाणीं प्रसिद्ध केलीं. पुढल्या वर्षींच्या निवडक संग्रहांत ‘चेंजेस’ हें गाणें आलें. त्याचे शब्द इ. स. १९९२ च्या सुमाराचे. ब्रूस हॉर्न्सबीच्या इ. स. १९८६ च्या एका गाण्यावर त्याची चाल आधारलेली, आणि इ. स. १९९८ चें रूप हें नव्यानें सजविलेलें. कृष्णवर्णीय राष्ट्राध्यक्ष पाहण्यास हा देश अजून तयार नाहीं, असें तो त्यांत म्हणतो. इ. स. २००८ मध्यें बराक ओबामा निवडून आले. आतां हें वाक्य आम्हांला मोलाचें कां वाटतें? तें खोटें ठरलें म्हणून नव्हे. इ. स. १९९२ मधील एकवीस वर्षांच्या तरुणाला आपल्या देशाविषयीं काय वाटत होतें, याचा तो पुरावा आहे म्हणून. हा पुरावा उभा आहे तो एकाच पायावर: शब्द त्याचा आहे आणि त्या काळचा आहे, ह्या आमच्या विश्वासावर.

हा पाया पुढें हळूहळू खचत गेला. इ. स. २००१ आणि २००२ मध्यें दोन दुहेरी अल्बम निघाले. त्यांत शब्द त्याचे, परंतु मूळ ठेके काढून पुष्कळ ठिकाणीं नवे बसविलेले. ह्यावर नापसंती दर्शविणारे तेव्हांहि होते. आमच्या मतें मात्र ह्या कलेच्या नियमाला धरून तें चालण्यासारखें होतें, कारण ठेका उसना चालतो. परंतु इ. स. २००४ मध्यें ‘लॉयल टू द गेम’ हा अल्बम एमिनेम ह्या प्रख्यात रॅपरनें सिद्ध केला, त्यांत टुपाकच्या बोलण्याची गति कमीअधिक करून, अक्षरें कापून व जोडून, त्याच्या हयातीनंतर उदयास आलेल्या मंडळींचीं नांवें त्याच्या तोंडीं घालण्यांत आलीं. हेतु आदराचा होता यांत शंका नाहीं. पण पोथीच्या मधल्या कोऱ्या जागेंत आपल्या गुरूचें नांव घुसडणाऱ्या नकलकाराचा हेतुहि आदराचाच असतो.

१५ एप्रिल २०१२ रोजीं कॅलिफोर्नियाच्या वाळवंटांत कोचेला ह्या संगीतमहोत्सवांत टुपाक प्रत्यक्ष रंगमंचावर अवतरला. कांचेवर प्रतिमा पाडण्याची ही युक्ति लंडनमध्यें इ. स. १८६२ पासून माहीत आहे. ती ‘पेपरचें भूत’ म्हणून ओळखली जाते. ह्या भुतानें प्रथमच महोत्सवाचें नांव घेऊन श्रोत्यांस ललकारी दिली. कोचेलाचा पहिला महोत्सव भरला इ. स. १९९९ मध्यें, टुपाक वारला इ. स. १९९६ मध्यें. म्हणजे जी सभा त्याच्या हयातींत जन्मलीच नव्हती तिला तो नांवानें हांक मारीत होता. एखाद्या ताम्रपटांत दात्याच्या मृत्यूनंतर वसलेल्या गांवाचें नांव सांपडलें, तर आम्ही तो ताम्रपट बनावट ठरवितों, आणि तेवढा एकच पुरावा आम्हांला पुरतो.

ह्याच्या उलट एक उदाहरणहि आहे. इ. स. २०१५ मध्यें केंड्रिक लमार ह्या रॅपरनें आपल्या अल्बमच्या शेवटीं टुपाकशीं संवाद केला. टुपाकचीं उत्तरें इ. स. १९९४ मध्यें एका स्वीडिश पत्रकारानें घेतलेल्या मुलाखतींतलीं, जशींच्या तशीं. प्रश्न मात्र केंड्रिकचे. येथें प्रसंग कल्पित आहे, पण शब्द खरा आहे. आणि शेवटीं केंड्रिक विचारतो तेव्हां पलीकडून उत्तर येत नाहीं. मृताला मौन पाळूं देणें हाहि त्याचा मान राखण्याचाच एक प्रकार आहे.

२ मे २०१६ रोजीं अफेनी वारली. त्यानंतर आठ वर्षांनीं, एप्रिल २०२४ मध्यें, ड्रेक ह्या लोकप्रिय रॅपरनें केंड्रिकशीं चाललेल्या वादांत एक गाणें काढलें. त्यांत यंत्रानें बनविलेला टुपाकचा आवाज केंड्रिकला डिवचतो. शब्द टुपाकचे नाहींत, आणि श्वासहि त्याचा नाहीं. टुपाकच्या मिळकतीच्या व्यवस्थापकांनीं कायदेशीर नोटीस दिली, आणि थोड्याच दिवसांत तें गाणें मागें घेण्यांत आलें. आमच्या विद्यार्थ्याचा प्रश्न होता तो हाच.

ह्या सर्व मालिकेंत आईचाहि वांटा आहे, हें आम्ही लपवूं इच्छीत नाहीं. तिच्या हयातींत निघालेले ते बहुतेक अल्बम तिच्याच देखरेखीखालीं निघाले. तिच्यावर टीका करणें सोपें आहे. परंतु तिनें हीं गाणीं पेटींत बंद करून ठेवलीं असतीं, तर ‘चेंजेस’ जगाला मिळालें नसतें; आणि मिळालेल्या पैशांतून इ. स. २००५ मध्यें जॉर्जियांत मुलाच्या नांवानें मुलांसाठीं जें कलाकेंद्र उघडलें तेंहि निघालें नसतें. मुलगा गेलेली आई त्याचा आवाज आणखी एकदां ऐकण्याची संधि नाकारील, अशी अपेक्षा कोणीं करावी? दोष असेल तर तो पुढें आलेल्या आम्हां सर्वांचा आहे. आम्हांला ऐकावयाचें होतें, म्हणून कोणी तरी त्याला बोलावयास लावलें.

आतां तर ही रीत होऊन बसली आहे. डिसेंबर २०१९ मध्यें ज्यूस वर्ल्ड हा रॅपर एकविसाव्या वर्षीं वारला. फेब्रुवारी २०२० मध्यें पॉप स्मोक हा विसाव्या वर्षीं मारला गेला. दोघांचेहि मरणोत्तर अल्बम जुलै २०२० मध्यें पहिल्या क्रमांकावर पोहोंचले. तरुण मरतात, आणि त्यांच्या आवाजाचा साठा तेवढा मागें उरतो. त्या साठ्याचा विश्वस्त कोण, आणि त्याच्या हाताला मर्यादा कोणती, हें ठरविण्याची निकड टुपाकच्या वेळेपेक्षां आज अधिक आहे.

आमच्या अल्प बुद्धीप्रमाणें मर्यादा ह्या कलेनेंच घालून दिलेली आहे. ठेका बदला, वाद्यें बदला, अपुरें असेल तें अपुरें म्हणून प्रसिद्ध करा, आणि कोणता भाग कोणीं कोणत्या सालीं जोडला हें अल्बमवर स्पष्ट लिहा. जुन्या काव्याचा प्रामाणिक संपादक याहून निराळें कांहीं करीत नाहीं. शब्दाला मात्र हात लावूं नका. नवा तर घालूं नकाच. कारण इतर कलावंतांची कलाकृति बिघडविली तर सौंदर्याची हानि होते; पण ज्याचें काव्य म्हणजे साक्ष आहे त्याच्या तोंडीं परका शब्द घातला, तर खोटी साक्ष तयार होते. आणि ती त्या एकट्याचीच साक्ष नसते. ब्रेंडासारख्या मुलीसाठीं न्यायालयांत कोणी उभें राहिलें नाहीं. तिच्या वतीनें जें कांहीं नोंदलें गेलें तें त्या एका गाण्यांत. उद्यां टुपाकचा कोणताहि शब्द त्याचाच असेल अशी खात्री उरली नाहीं, तर त्याच्याबरोबर तीहि संशयांत पडेल.

पुढल्या वर्षीं तोच विषय पुन्हां वर्गांत निघाला तेव्हां आम्ही त्या विद्यार्थ्याचा प्रश्न आपण होऊन फळ्यावर लिहिला, आणि खालीं उत्तर लिहिलें. इ. स. २०२४ चें तें गाणें साधन आहेच. परंतु तें इ. स. २०२४ चें आणि तें करणाऱ्यांचें साधन आहे, टुपाकचें नव्हे. टुपाकचें साधन इ. स. १९९६ मध्यें संपलें. त्यानंतर त्याच्या आवाजांत जें जें नवें ऐकूं येतें, त्यांत तो नसून आपण आहों, आणि त्याच दृष्टीनें तें तपासलें पाहिजे. ह्या वेळीं वर्गांत कोणी हंसलें नाहीं.